जुना संगणक व त्याचा परवाना

कचेऱ्यांनीं काढून टाकलेले संगणक हल्लीं स्वस्तांत मिळतात. यंत्र मजबूत असतें व किंमत आवांक्यांतील. म्हणून कित्येक पालक मुलांच्या अभ्यासासाठीं किंवा दुकानाच्या हिशेबासाठीं तें घेतात. चारपांच महिने सुरळीत जातात, आणि एके दिवशीं पडद्याच्या कोपऱ्यांत ‘विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा’ अशी सूचना उमटते. घेणारास वाटतें, आपण फसलों. वस्तुतः यंत्र बिघडलेलें नसतें. परवान्याची मुदत सरलेली असते. ती कां सरते व यावर सरळ उपाय कोणता, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, यंत्र आपण विकत घेतों, परंतु सॉफ्टवेअर वापरण्याची केवळ परवानगी मिळते. रिक्षा विकत घेतली म्हणून पहिल्या धन्याचें परमिट आपोआप आपल्या नांवावर चढत नाहीं, तसेंच हें आहे.

विंडोजचे परवाने मुख्यत्वें तीन प्रकारचे. पहिला कारखान्यांतच यंत्राबरोबर दिलेला. तो त्या यंत्राशींच बांधलेला असतो. दुसरा दुकानांतून सुटा घेतलेला. तो एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेतां येतो. तिसरा मोठ्या संस्थेनें घाऊक घेतलेला, आणि गोंधळ माजतो तो याच्यामुळें. या पद्धतींत पुष्कळदां कचेरींतील एक सर्व्हर इतर सर्व यंत्रांना मान्यता देतो. ही मान्यता १८० दिवसांची असते, व यंत्र दर ७ दिवसांनीं सर्व्हरला गांठून ती नवी करूं पाहतें. यंत्र कचेरीबाहेर पडलें कीं सर्व्हर दुरावतो, आणि उरलेले दिवस भरतांच मान्यता संपते. विक्रेत्याच्या दुकानांत ठणठणीत दिसलेलें यंत्र आपल्या घरीं कुरकुरूं लागतें, त्याचें कारण हेंच.

निदान सोपें आहे. विंडोजची कळ व ‘आर’ एकदम दाबावी. जी चौकट उघडेल तींत ‘एसएलएमजीआर’ हीं पांच इंग्रजी अक्षरें, मग एक जागा सोडून तिरपी रेघ व तिला लागून ‘एक्सपीआर’ असें लिहावें. मान्यता कायमची आहे कीं अमुक तारखेस संपणार, तें कळेल. ‘एक्सपीआर’च्या जागीं ‘डीएलआय’ लिहिल्यास प्रकार समजतो: ‘ओईएम’ म्हणजे कारखान्याचा, ‘रिटेल’ म्हणजे सुटा, ‘व्हॉल्यूम’ म्हणजे घाऊक.

‘व्हॉल्यूम’ दिसलें तरी निराश होऊं नये. २०१२ सालीं विंडोज ८ निघाल्यापासून कारखानदार परवान्याची किल्ली यंत्राच्या चिपमध्येंच ठेवूं लागले. कचेरीनें वरून ‘एंटरप्राइझ’ आवृत्ति चढविली तरी खालीं ‘प्रो’ची किल्ली बहुधा शाबूत असते. तेव्हां आपले कागद पेनड्राइव्हवर उतरून घ्यावे, मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून विंडोज घ्यावी व सर्व पुसून ती नव्यानें बसवावी. किल्ली विंडोज १० किंवा ११ ची असल्यास इंटरनेट लागतांच मान्यता मिळते. मात्र बसवितांना पहिल्या कंपनीचें खातें मागितलें गेलें, तर यंत्र अद्याप तिच्या यादींत आहे असें समजावें, व विक्रेत्याकडून तें मोकळें करून घ्यावें.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसची वर्गणी संपल्यास कागद उघडतात व छापतां येतात, पण दुरुस्त करतां येत नाहींत. विद्यार्थ्यांचें काम लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरनें उत्तम भागतें. टॅलीचा परवाना पहिल्या धन्याच्या खात्यावर असतो. तो नसतां टॅली शैक्षणिक पद्धतींत उघडते व मोजक्याच तारखांच्या नोंदी घेते. दुकानदारानें स्वतःचा परवाना घ्यावा हेंच योग्य.

अशा वेळीं एखादा मित्र ‘क्रॅक’ सुचवितो. तो बसवितांना अँटिव्हायरस बंद करावयास सांगतात. म्हणजे पहारेकऱ्यास रजा देऊन अनोळखी इसमाच्या हातीं घराच्या किल्ल्या देणें होय. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें संगणकाचें सॉफ्टवेअर साहित्यकृतींत मोडतें, व त्याची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणें हा गुन्हा आहे. जी वस्तु मुलाच्या शिक्षणासाठीं घेतली, तिच्यापासून त्यानें पहिला धडा चोरीचा घेऊं नये.

सारांश, पैसे मोजण्यापूर्वींच दुकानांत वरील तपासणी करवून घ्यावी, आणि विंडोजचा परवाना यंत्रासह दिल्याचें बिलावर लिहून मागावें. पांच मिनिटांचें हें काम पुढील पुष्कळ मनस्ताप वांचवितें.