घरात पोपट आणताना
लाल चोचीचा हिरवा देशी पोपट आधी मनातून काढून टाका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो पाळणं गुन्हा आहे, मग विकणारा काहीही सांगो. माया लावणारा पक्षी हवा असेल तर मूळचा ऑस्ट्रेलियाचा कॉकटिएल बघा. डोकं पुढे करून मान खाजवून घेतो, शीळ घालतो. बोलतो मात्र बेताचंच. नीट सांभाळला तर १५-२० वर्षं सोबत करतो, हे घेण्यापूर्वीच लक्षात घ्या. त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी झडते, म्हणून घरात दमेकरी असेल तर विचार करा. बजरिगार लहान नि स्वस्त. लव्हबर्ड दिसायला गोड, पण चावरा! निवडताना बोटावर न बिचकता येणारं पिल्लू घ्या. आणि पिंजरा स्वयंपाकघरात नको: जास्त तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.