कुंडीतली चिलटं: मारायची कुठे, मरतात कुठे

खिडकीतल्या मिरचीला पाणी घातलं की मातीतून काळी बारीक चिलटं उठतात, आणि घरातलं कुणीतरी फळांची टोपली उचलून आत ठेवतं. फळांवरची चिलटं वेगळी. ती पिवळट-तपकिरी, बहुधा लाल डोळ्यांची असतात. पिकल्या केळ्यावर किंवा ओल्या कचऱ्याच्या डब्यावर बसणारी तीच. व्हिनेगरच्या वाटीत तीच सापडतात. कुंडीतली चिलटं काळपट, लांब पायांची, लहानशा डासासारखी. ओली माती आणि तिच्यातली बुरशी हे त्यांचं घर.

ही चिलटं पानं खातात, हाही गैरसमजच. उडणारं चिलट पानाला तोंड लावत नाही आणि माणसालाही चावत नाही. मादी मातीच्या ओल्या वरच्या थरात शंभर-दोनशेपर्यंत अंडी घालते. त्यातून पारदर्शक पांढऱ्या, काळ्या डोक्याच्या अळ्या निघतात. त्या बुरशी आणि कुजका पाला खातात, आणि संख्या वाढली की कोवळी मुळं कुरतडतात. मोठ्या वांग्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण टोमॅटोची नुकती उगवलेली रोपं, कोथिंबीर, मेथी मात्र माना टाकतात. अंड्यापासून चिलट व्हायला तीन-चार आठवडे लागतात आणि त्यातला बहुतेक काळ मातीत जातो. म्हणून हवेत फवारा मारून काही साधत नाही. डास मारायचा घरगुती स्प्रे तर खाण्याच्या भाजीवर मुळीच मारू नये.

अळ्या आहेत की नाहीत, हे बटाटा सांगतो. बटाट्याची जाड चकती कापून मातीवर दाबून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी उचलून बघावी. खालच्या ओल्या बाजूला त्या पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. चकती अळ्यांसकट फेकून द्यावी, पण तेवढ्याने कुंडी साफ झाली असं मानू नये.

खरा उपाय पाण्याचा आहे, आणि फसगतही तिथेच होते. कोकोपीट वरून भुरकट, सुकलेलं दिसतं, आत मात्र चिंब असतं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून बघावं, आत ओल लागली तर पाणी घालू नये. वरचा तीन-चार सेंटिमीटरचा थर सुकू दिला की अंडी आणि अळ्या टिकत नाहीत. पावसाळ्यात ऊन कमी, हवा दमट, तेव्हा पाण्याचा हात आखडताच हवा. कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणीही ओतून टाकावं. पिवळे चिकट सापळे जरूर लावा, पण ते फक्त उडणारी चिलटं धरतात. ती कमी होताहेत की नाही हे त्यांवरून कळतं, एवढाच त्यांचा खरा उपयोग. हळद आणि दालचिनीच्या भुकटीवर मी भिस्त ठेवणार नाही.

पाणी कमी करूनही चिलटं हटली नाहीत तर बीटी हे जिवाणूंपासून बनलेलं कीटकनाशक आहे. पण कुठलंही बीटी चालत नाही. पानं खाणाऱ्या अळ्यांसाठी विकलं जाणारं कुर्स्टाकी जातीचं बीटी इथे निरुपयोगी. लागतं ते इस्रायलेन्सिस. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला हा जिवाणू डासांच्या अळ्यांवरही वापरतात. तो पाण्यात मिसळून मातीत घालावा, आणि त्याचा असर फार दिवस राहत नसल्यामुळे पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे पुन्हा द्यावा.

झाड हलवल्यावर पानांखालून पांढरं काही उडत असेल, तर वरचं सगळं विसरा. ती पांढरी माशी. ती पानांतला रस शोषते आणि चिकट स्राव सोडते, त्यावर पुढे काळी काजळी चढते. इथे माती सुकवून काही होत नाही, फवारणी पानांच्या खालच्या बाजूला पोहोचली पाहिजे. भांडी घासायच्या साबणाने पानं करपू शकतात. झाडांसाठीचा कीटकनाशक साबण किंवा निमतेल संध्याकाळी फवारावं. अंडी आणि कोष त्यातून वाचतात, म्हणून पाच-सात दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं. टोमॅटोचा शेंडा वाटीसारखा वर वळून पिवळट, बारीक पडू लागला, तर माशीने बोकड्याचा विषाणू आणलेला असू शकतो. त्यावर औषध नाही. ते रोप लगेच उपटून पिशवीत बांधून टाकावं आणि शेजारच्या कुंड्यांतली पानं उलटून बघावीत.