खिडकी उघडली? उघडू द्या, विमान सांभाळा!

चांदूर रेल्वेहून अमरावतीला एसटीने अपडाऊन करणाऱ्यांना सरकत्या खिडकीबद्दल वेगळं काही शिकवायची गरज नाही. थंडीत सकाळच्या गाडीत तुम्ही काच पुढे ओढून लावता, ड्रायव्हरने ब्रेक मारला की ती आपोआप सरकते आणि गार वारा थेट कानात. मग मागच्या सीटवरून आवाज येतो, "भाऊ, काच लाव ना!" तुम्ही म्हणता, "लावली होती ना बाप्पा, राह्यतच नाही." शेवटी तिकिटाची घडी करून पट्टीत कोंबली की अमरावतीपर्यंत शांतता.

आता हीच खिडकी दोन हजार फुटांवर आहे, गाडीचा वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटर आहे आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुम्ही आहात, असं समजा.

फार लांबची कल्पना नाही ही. बेलोऱ्याचा विमानतळ चांदूरपासून सरळ पश्चिमेला, हवाई अंतर मोजलं तर तीस किलोमीटरच्या आत. शिकाऊ विमानाला एवढं अंतर कापायला नऊ-दहा मिनिटं पुरतात. १६ एप्रिल २०२५ ला तिथून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली, ते आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर येऊन गेलं. पण त्याआधी, २०२४ मध्ये, एअर इंडियाने तिथे वैमानिक घडवणारी संस्था काढायचं जाहीर केलं होतं. वर्षाला १८० वैमानिक तयार करायचे, असा आकडा. त्यासाठी मागवलेली विमानं ३४ : पायपर कंपनीची एका इंजिनाची ३१ आणि डायमंडची दोन इंजिनांची ३. म्हणजे उद्या डोक्यावरून घरघरत जाणाऱ्या छोट्या विमानात तुमच्याच वर्गातलं कुणी असू शकतं. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास उडावं लागतं. त्या २०० तासांत केव्हातरी खिडकी नाहीतर दार धाडकन उघडण्याचा प्रसंग येऊ शकतो. त्यावेळी काय करायचं हे आधीच डोक्यात पक्कं असलेलं बरं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. खिडकी उघडली की माणूस बाहेर ओढला जातो, हे सिनेमात बघितलेलं असतं. मोठ्या जेट विमानात त्यात तथ्य आहे, कारण आत हवा भरून दाब वाढवलेला असतो. पस्तीस हजार फुटांवर आतला दाब बाहेरच्यापेक्षा इतका जास्त असतो की प्रत्येक चौरस मीटरवर पाच टनांहून जास्त जोर आतून बाहेर लागतो. म्हणूनच अशा विमानांची बरीच दारं-खिडक्या आतून बसवलेल्या बुचासारख्या असतात. दाब जितका वाढेल तितकी त्या अधिक घट्ट बसतात. बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० यांच्या कॉकपिटला चक्क सरकत्या खिडक्या आहेत. विमान जमिनीवर असताना पायलट त्यातून हात हलवताना दिसतात, तीच ती. आकाशात ती खिडकी उघडतो म्हटलं तरी माणसाच्या हाताने उघडणार नाही.

छोट्या शिकाऊ विमानात आत दाब भरलेला नसतो. त्यामुळे कुणी बाहेर ओढलं जात नाही. पण खिडकी बंद ठेवायला मदत करणारंही तिथे काही नसतं. उलट हवा तिला बाहेर ओढत असते. वारा समोरून येतोय तर खिडकी आत दाबली जायला पाहिजे, बाहेर का ओढली जाते?

कापसाची गाठोडी भरून जाणारा ट्रक आठवा. उभा असताना ताडपत्री मालावर चिकटून असते. ट्रक वेगात निघाला की तीच ताडपत्री फुगून वर येते आणि दोऱ्या ताणल्या जातात. तिच्यावरून हवा वेगात वाहते, तिथला दाब कमी होतो आणि खालची स्थिर हवा तिला वर ढकलते. बारावीच्या फिजिक्समधला बर्नोली तो हाच. विमानाच्या अंगावरून, खासकरून पुढच्या काचेच्या कडेला जिथे हवा वळून बाजूला येते तिथे, ही ओढ चांगलीच असते.

जरा हिशोब करून बघू. वेग १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर. समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास. बाजूच्या काचेवर त्याच्या निम्मी ओढ धरली आणि खिडकी ३० बाय २० सेंटीमीटरची मानली, तर तिला बाहेर खेचणारा जोर चार-साडेचार किलो येतो. म्हणजे पिठाची एक पिशवी सतत त्या काचेला लटकवल्यासारखं. हा ढोबळ हिशोब आहे, प्रत्येक विमानात आकडा वेगळा येईल. पण वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हे कुठेही बदलत नाही. त्यामुळे धावपट्टीवर रांगताना नीट बसलेली काच उड्डाणाच्या वेगाला थरथरायला लागते, यात नवल नाही.

सरकत्या काचेचं दुखणं तर दुहेरी असतं. पायपर कबसारख्या जुन्या विमानांत, काही घरी बांधलेल्या विमानांत अशा खिडक्या असतात. बाहेरची ओढ खाचेची कड सांभाळते, पण काच सरकू नये म्हणून काय? तिथे बऱ्याचदा नुसतं घर्षण असतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २,४०० फेरे मारत असेल तर सेकंदाला ८० वेळा स्फोट होतो, म्हणजे काचेला सेकंदाला ८० बारीक ठोसे. प्रत्येक ठोशाला पकड क्षणभर सैल होते आणि काच केसभर सरकते. एसटीत ब्रेक एकदम जे करतो, ते इथे कंपनं हळूहळू करतात.

त्यात आपला वऱ्हाडी उन्हाळा. विमानाची ही काच खरं तर काच नसतेच, अॅक्रिलिकचं पारदर्शक प्लास्टिक असतं. ते उष्णतेने अॅल्युमिनियमच्या साधारण तिप्पट फुगतं. जानेवारीतल्या पहाटेचे १२ अंश आणि मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या बंद विमानातले ६०-६५ अंश, यात ६० सेंटीमीटरची पट्टी दोन मिलिमीटरने लांबते. बाजूची धातूची चौकट जेमतेम पाऊण मिलिमीटर. म्हणून मे मध्ये अडकून बसणारी खिडकी जानेवारीत खडखडते. खाचेत नमद्याची पट्टी लावतात ती हे कमी-जास्त सांभाळायला आणि आवाज दाबायला. पण काच जागेवर ठेवायचं काम शेवटी खिट्टीचंच. स्प्रिंगवर दाबलेला खिळा भोकात जाऊन बसला पाहिजे. नुसत्या घट्टपणावर भरवसा ठेवलेली खिडकी कधीतरी दगा देतेच. घरी विमान बांधणाऱ्याला हे सगळं स्वतः ठरवावं लागतं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची डीजीसीएकडे नोंदणी झाली, हे तुम्ही वाचलं असेल. अशा कामात पंखांइतकाच विचार खिट्टीचाही करावा लागतो, तो फोटोत दिसत नाही इतकंच.

मग तिकिटाची घडी? एसटीत चालते, विमानात नाही. सैल खिडकी दिसली तर ती विमानाच्या नोंदवहीत लिहायची आणि दुरुस्ती लायसन्स असलेल्या इंजिनिअरनेच करायची. नियम म्हणून हे कंटाळवाणं वाटतं, त्यामागची एक गोष्ट मात्र ऐका. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजचं बर्मिंगहॅमहून मालागाला जाणारं विमान १७ हजार फुटांवर पोहोचलं आणि कॅप्टनसमोरची काचच उडाली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर, केबिन क्रूने त्याचे पाय धरून ठेवलेले. को-पायलटने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि कॅप्टन वाचला. कारण काय निघालं? उड्डाणाआधी काच बदलताना बसवलेल्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट जाडीला एक मिलिमीटरहूनही कमी बारीक होते. नजरेने जुळवून घेतलेले.

आता मुख्य मुद्द्यावर. पायपरचं शिकाऊ विमानांचं गाजलेलं घराणं म्हणजे पीए-२८ : चेरोकी, वॉरियर, आर्चर ही त्यातलीच नावं. याला दार एकच, उजव्या बाजूला, पंखावर चढून आत शिरायचं. दाराला खटके दोन, एक बाजूला आणि एक वर. वरचा विसरणं ही या घराण्यातली जगभर माहीत असलेली गोष्ट. आणि आपल्याकडे विसरायला कारणही तयार आहे. बहुतेक छोट्या विमानांत एसी नसतो. मे मधल्या दुपारी रांगताना दार किंवा खिडकी उघडी ठेवल्याशिवाय बसवत नाही. घाम पुसता पुसता धावपट्टीशी पोहोचता, टॉवर परवानगी देतो, मागे दुसरं विमान थांबलेलं. चेकलिस्टमध्ये 'दारं-खिडक्या बंद' ही ओळ असते, तुम्ही ती वाचताही. पण हात लावून बघत नाही.

विमान जमीन सोडतं आणि धाड! दार दोन-चार बोटं उघडतं. वाऱ्याचा असा आवाज की हेडफोनमधलं काही कळत नाही. मांडीवरचा कागद भुर्रकन बाहेर. तुमचा हात आपोआप दाराकडे जातो.

तो तिथेच थांबवायचा. अशा अपघातांचे तपास वर्षानुवर्षं एकच सांगत आलेत. उघड्या दारामुळे विमान सहसा पडत नाही, दाराच्या मागे लागलेल्या पायलटमुळे पडतं. उजवीकडे वाकलं की डावा हात नकळत कंट्रोल ओढतो, नाक वर जातं, वेग उतरतो. पन्नासेक नॉटच्या खाली पंख हवा धरायचं सोडतात आणि तीनशे फुटांवर सावरायला जागा नसते. उन्हाळ्यात आणखी वाईट. बेलोरा समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे. पण ४५ अंशाला हवा इतकी विरळ होते की विमान पंधराशे मीटरवर असल्यासारखं वागतं, म्हणजे चिखलदऱ्याच्याही बरंच वर. चढण आधीच मंद, त्यात उघड्या दाराचा अडथळा. अशा वेळी प्रत्येक नॉट मोलाचा.

पायलटांचा जुना क्रम आहे : आधी विमान उडवा, मग दिशा बघा, मग बोला. दार या तिन्हींच्या नंतर. धावपट्टी पुढे पुरेशी शिल्लक असेल आणि चाकं जमिनीवरच असतील तर थांबा. हवेत गेला असाल तर नेहमीचा वेग धरून नेहमीसारखी फेरी घ्या, टॉवरला सांगा आणि उतरा. आवाज होऊ द्या, कागद गेला तर जाऊ द्या. सेसना १७२ च्या एस मॉडेलमध्ये तर खिडकी उघडी ठेवायची कमाल मर्यादा १६३ नॉट आहे, आणि त्या विमानाची स्वतःची वेगमर्यादाही १६३ च! म्हणजे कंपनीलाच त्या उघड्या खिडकीची धास्ती नाही. पण हे सगळ्याच विमानांना लावू नका. पुढून वर उचलली जाणारी मोठी काचेची छत्री उघडली तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. म्हणून ज्या विमानात बसणार त्याचं पुस्तक आधी वाचायचं.

आर्चरच्या पुस्तकात दार हवेत लावायची पद्धत दिली आहे, आणि ती मला फार आवडते. उंची भरपूर आहे, सगळं शांत आहे, शेजारी दुसरा पायलट आहे, तेव्हाच करायची. वेग ९० नॉटच्या आत आणा. हवा आत घेणारी छिद्रं बंद करा. आणि मग पायलटच्या बाजूची छोटी खिडकी उघडा. दार बंद करण्यासाठी खिडकी उघडायची! ताडपत्री आठवली की कोडं सुटतं. छिद्रांतून आत शिरणारी हवा दाराला बाहेर ढकलत असते, ती थांबवली. खिडकीतून आतली हवा बाहेर गेली, आतला-बाहेरचा दाब जवळ आला. वेग कमी केल्याने ओढही उतरली. आता हाताच्या जोराने दार आत येतं. आधी बाजूचा खटका, मग वरचा.

आणि तुम्ही पायलट नसाल, मित्राच्या शेजारच्या सीटवर नुसते बसलेले असाल, तर उड्डाणाआधी वरच्या खटक्याला एकदा स्वतःचा हात लावा. दार उघडलंच तर सीटबेल्ट घट्ट, मोबाइल खिशात, आणि त्याला एवढंच सांगा : "दार उघडलंय, राहू दे, तू समोर बघ."