जोत्याभोवतीचा खचलेला कोबा

माळव्यात जोत्याभोवतीचा काँक्रीटचा कोबा खचला, की लोक त्यावरच सिमेंटचा नवा थर ओततात. त्याने भार वाढतो. खालची पोकळी तशीच राहते. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यात पन्हळीचे वा फुटक्या नळाचे पाणी मुरले, की भराव बसतो, कोब्याचा उतार घराकडे वळतो आणि पाणी थेट पायाशी जाते. म्हणून प्रथम पाण्याची वाट बदलावी. मग खचलेला भाग उचलून, सैल माती काढून, ओलसर मुरूम 15 सेंटीमीटरच्या थरांनी घालून प्रत्येक थर धुमसाने चोपावा. (गवंडी घाई करतात ती येथेच!) नव्या कोब्याला दर मीटरला 2 सेंटीमीटर उतार बाहेरच्या बाजूस द्यावा व निदान 7 दिवस पाणी मारावे. भिंतीलाच तिरपी भेग पडली असेल, तर मात्र आधी इंजिनियरला दाखवावे.