सनरूफची गळती : दोष काचेचा नव्हे, तुंबलेल्या नळ्यांचा

खास प्रतिनिधी

पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरी कोसळल्या, की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. गाडीच्या छतातील दिव्याजवळून पाणी ठिबकते, पायाखालचे कार्पेट ओले लागते आणि काचा घट्ट बंद असूनही आत कुबट वास येतो. गाडीला सनरूफ असेल तर मालकाचा पहिला संशय साहजिकच काचेभोवतीच्या रबरी पट्टीवर जातो. मग कोणी पट्टी बदलून घेतो, तर कोणी काचेच्या कडेने सिलिकॉन भरून घेतो. खर्च होतो, गळती मात्र पुढच्या पावसात पुन्हा हजर! याचे कारण असे, की पुष्कळदा दोष पट्टीत नसतोच. तो असतो छताच्या आत दडलेल्या, बोटाहून बारीक अशा नळ्यांमध्ये.

एके काळी सनरूफ ही आपल्याकडे महागड्या गाड्यांचीच मिरासदारी होती. २०१४ सालची होंडा सिटी, २०१५ मध्ये सनरूफसह आलेली महिंद्रची एक्सयूव्ही ५०० अशा गाड्यांमुळे ती मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली. त्या काळातील गाड्यांनी आता दहा पावसाळे पाहिले असून, त्यांतील अनेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत. त्यामुळे सनरूफच्या देखभालीचा हा दुर्लक्षित भाग समजून घेणे अगत्याचे ठरते.

काच पाणी अडवत नाही, वळवते

सनरूफची काच बंद केली म्हणजे छत पूर्णतः जलरोधक झाले, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात काचेभोवतीची रबरी पट्टी पाण्याचा मोठा भाग बाहेर ठेवते. पण थोडे पाणी तिच्या फटीतून आत उतरणार, हे आराखड्यातच गृहीत धरलेले असते. हे पाणी झेलण्यासाठी काचेखाली चौकटीभोवती एक पन्हळ असते. पन्हळीच्या चारही कोपऱ्यांना साधारणतः एकेक नळी जोडलेली असते. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांतून खाली उतरतात आणि पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या कमानीत पाणी सोडतात. मागच्या दोन नळ्या मागील खांबांतून उतरून मागच्या चाकाजवळ किंवा बंपरच्या आत उघडतात.

कौलारू घराच्या वळचणीला पन्हळ असते, इमारतीच्या गच्चीला पावसाळी पाइप असतात. तशीच ही व्यवस्था. गच्चीचा पाइप पालापाचोळ्याने तुंबला की वरच्या मजल्याच्या छताला ओल येते. गाडीतही नेमके तेच घडते.

पाण्याचे प्रमाण किती, याचाही अंदाज घेण्याजोगा आहे. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १०० लिटर पाणी. सनरूफचे क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर धरले, तर तेवढ्या पावसात त्यावर ४० लिटर पाणी पडते. त्यातील केवळ दहावा हिस्सा पट्टीखालून आत गेला, असे मानले तरी चार लिटर पाणी पन्हळीत उतरते. कोकणपट्टीत पावसाळ्यात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची बाब नव्हे. नळ्या मोकळ्या असतील, तर हे पाणी मालकाच्या नकळत रस्त्यावर जाते. त्या तुंबलेल्या असतील, तर पन्हळ भरून वाहू लागते आणि पाणी छताच्या अस्तरात शिरते.

नळ्या तुंबतात कशाने?

रस्त्यावरील धूळ, बांधकामाची माती, मृत कीटक आणि झाडांचा कचरा ही प्रमुख कारणे. गुलमोहर, सोनमोहर यांची बारीक पर्णिका किंवा उन्हाळ्यात झडणारा कडुनिंबाचा फुलोरा सहज पन्हळीत शिरतो. सावलीसाठी गाडी रोज झाडाखाली उभी करणाऱ्यांना हा त्रास अधिक. धूळ आणि पाणी मिळून चिखल होतो आणि तो नळीच्या तोंडाशी किंवा खालच्या टोकाला साचतो. अनेक गाड्यांत खालच्या टोकाला रबराची चपटी झडप असते. बाहेरचे पाणी व कीटक आत येऊ नयेत, यासाठी ती बसवलेली असते. पण गाळही तेथेच अडकतो. शिवाय जुन्या गाडीत नळीचे रबर कडक होऊन आखडते आणि ती जोडावरून निसटण्याचा धोका वाढतो.

या प्रश्नाने अमेरिकेत थेट न्यायालयाची पायरी चढली होती. फोक्सवॅगन आणि ऑडी गाड्यांच्या काही मालकांनी सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबून पाणी आत येते, या तक्रारीवरून न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयात सामूहिक दावे दाखल केले. त्यात २०१० मध्ये तडजोड मंजूर झाली व भरपाईसाठी ८० लाख डॉलरचा निधी ठरला. दावेदारांच्या दोन गटांचे हितसंबंध परस्परविरोधी असल्याच्या कारणावरून २०१२ मध्ये अपील न्यायालयाने ही मंजुरी रद्द केली. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी क्षुल्लक वाटणारी नळी केवढ्या नुकसानीस कारणीभूत ठरू शकते, हे यातून दिसते.

पाणी नेमके कोठून येते?

दुरुस्तीपूर्वी निदान आवश्यक आहे, कारण ओल्या कार्पेटमागे सनरूफच असेल असे नाही. छताचे अस्तर कोपऱ्यात ओले होणे, खांबावर पाण्याचे ओघळ दिसणे किंवा ब्रेक दाबताच वरच्या दिव्याजवळून पाणी सांडणे, ही पन्हळ तुंबल्याची लक्षणे होत. छत कोरडे आणि केवळ पायाखाली ओल असेल, तर अन्य शक्यता तपासाव्यात.

पाऊस नसतानाही, एसी चालवल्यावर डाव्या आसनापुढे स्वच्छ, वासरहित पाणी साचत असेल, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते. पाणी चिकट असून त्याला गोडसर वास असेल, तर ते हीटरमधून गळणारे कूलंट होय. वायपरखालच्या जाळीत पाने साचली, तर तेथील निचरा बंद होऊन पाणी डॅशबोर्डमागे उतरते. दाराच्या आतील प्लास्टिकचा पडदा सुटला, की दाराच्या कडेने ओल येते. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात पाणी साचले असेल, तर सनरूफच्या मागच्या नळ्यांबरोबरच मागच्या दिव्यांची रबरी बैठकही तपासावी.

सनरूफची चाचणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून काच उघडावी. बारीक तोंडाच्या बाटलीने पन्हळीच्या एका कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू ओतावे आणि त्याच बाजूच्या चाकाजवळ खाली पाहावे. पाणी लगेच वाहू लागले, तर नळी मोकळी आहे. ते पन्हळीतच साचून राहिले, तर नळी तुंबली आहे. पन्हळ रिकामी झाली, पण पाणी बाहेर न येता गाडीत उतरले, तर नळी फाटली किंवा जोडातून सुटली आहे, असे समजावे.

सफाई कशी करावी?

प्रथम पन्हळीतील गाळ ओल्या फडक्याने व जुन्या टूथब्रशने काढून घ्यावा. अन्यथा तोच नळीत ढकलला जातो. त्यानंतर गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात ती दोन-तीन मिलिमीटर जाडीची नायलॉनची तार घ्यावी. तिचे टोक किंचित तापवून गोलसर करावे व नळीत हळुवार सारावे. अडथळा लागल्यास जोर न लावता तार मागे-पुढे फिरवावी आणि मधूनमधून कोमट पाणी सोडावे. खालच्या टोकाची झडप सापडल्यास ती बोटांनी दाबून गाळ मोकळा करावा. मागच्या नळ्यांची तोंडे काच सरकल्यावर अनेकदा झाकली जातात. त्यांची सफाई खालच्या टोकाकडून किंवा जाणकार मेकॅनिककडून करून घ्यावी.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. लोखंडी तार वापरू नये, कारण तिने नळीला भोक पडते. तसेच कॉम्प्रेसरची हवा पूर्ण दाबाने सोडू नये. त्यामुळे नळी जोडातून निसटते आणि मग छताचे संपूर्ण अस्तर उतरवावे लागते. काचेच्या कडेने सिलिकॉन भरण्याचा उपायही व्यर्थ आहे. काच उघडताच तो थर फाटतो आणि त्याचे तुकडे पुन्हा पन्हळीतच पडतात.

नळी सुटलेली असल्यास मात्र घरगुती प्रयोग करू नयेत. अनेक गाड्यांत छताच्या कडेला आणि खांबांच्या आवरणाआड पडदा एअरबॅग बसवलेल्या असतात. ते आवरण चुकीच्या पद्धतीने ओढणे वा बसवणे धोक्याचे असते. हे काम प्रशिक्षित मेकॅनिककडेच सोपवावे.

वाळवणे हेही दुरुस्तीचेच अंग

नळ्या मोकळ्या झाल्या म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. कार्पेटखाली फोमचा जाड थर असतो. वरून कार्पेट कोरडे लागले, तरी हा थर स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवतो. त्यातून बुरशी वाढते, पत्रा आतून गंजतो आणि आसनांखालील वायरिंगचे जोड खराब होतात. कित्येक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेट्या कार्पेटखाली किंवा मधल्या कन्सोलखाली असतात. दारांचे लॉक आपोआप उघडणे, एअरबॅगचा इशारादर्शक दिवा पेटणे अशा तक्रारींचे मूळ कधी कधी या ओलाव्यात असते. म्हणून कार्पेट उचलून, फोम सुटा करून पूर्ण वाळवणे अत्यावश्यक आहे.

मोटार विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत झीज, तसेच यांत्रिक व विद्युत बिघाड वगळलेले असतात. परिणामी देखभालीअभावी हळूहळू झालेल्या अशा नुकसानीचा भार बहुतेक वेळा मालकालाच उचलावा लागतो.

सनरूफ असलेली जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही सावध राहावे. छताच्या अस्तरावरील पिवळसर डाग, स्टेपनीच्या खळग्यातील गंज आणि सुगंधी द्रव्याने झाकलेला कुबट वास या खुणा बोलक्या असतात. व्यवहारापूर्वी पेलाभर पाण्याची चाचणी करण्यास विक्रेत्याने हरकत घेतली, तर त्यातून काय तो बोध घ्यावा.

गृहनिर्माण सोसायट्या मे महिन्यात गच्चीचे पाइप साफ करून घेतात. त्याच सुमारास सनरूफच्या नळ्याही तपासाव्यात आणि पावसाळा संपल्यावर आणखी एकदा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीची पन्हळ तर दर महिन्याला पुसून घेतलेली बरी. अर्ध्या तासाचे हे काम टाळले, तर कार्पेट, वायरिंग आणि नियंत्रण पेट्या यांचा खर्च पुढे उभा राहतो.