शरदातील अवेळी थंडी आणि रब्बीची पेरणी

नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातून परततो. त्यानंतरचे काही दिवस कडक उन्हाचे जातात आणि खरी थंडी मार्गशीर्ष-पौषात पडते, हा शेतकऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. परंतु एखाद्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या प्रारंभीच नाशिक, धुळे, जळगाव या भागांत रात्री एकाएकी गार होऊ लागतात. थंडी लवकर आली, हे वर्ष गव्हाचे, असे बोल गावोगाव ऐकू येतात व पाभर बाहेर काढण्याची घाई सुरू होते. ही थंडी कोठून येते आणि किती दिवस टिकते, हे त्यापूर्वी समजून घेणे हिताचे आहे.

पाऊस परतला की आकाश निरभ्र होते व हवेतील बाष्प घटते. दिवसा तापलेली जमीन रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असते. ढगांचे व बाष्पाचे पांघरूण असेल तर त्यातील पुष्कळशी उष्णता जमिनीला परत मिळते. ते नसले म्हणजे जमीन वेगाने निवते. त्यातच हिमालयाच्या पश्चिम भागातून एखादा पश्चिमी झंझावात पुढे सरकून गेला की त्याच्या मागून कोरडे उत्तरेकडील वारे राजस्थान व मध्य प्रदेशावरून खानदेशात उतरतात. ही दोन्ही कारणे एकत्र आली की तीन-चार दिवसांत रात्रीचे तपमान बरेच उतरते. दुपारचे ऊन मात्र जवळजवळ पूर्वीसारखेच राहते. रात्र हिवाळ्याची व दिवस आश्विनाचा, असा हा प्रकार असतो.

ही थंडी बहुधा फार दिवस टिकत नाही. ऑक्टोबर व नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचे महिने होत. आंध्र किंवा तामिळनाडूच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की पूर्वेचे दमट वारे वाहू लागतात, ढग येतात आणि दोन-तीन दिवसांत पहाटेचा गारवा नाहीसा होतो. अति कडक थंडीच्या नोंदी ऐन हिवाळ्यातीलच आढळतात. मुंबईचे आजवरचे सर्वांत कमी तपमान, ७.४ अंश सेल्सिअस, २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदले गेले. निफाडला पारा २ अंशांखाली उतरला तो २०१८ च्या डिसेंबरअखेरीस. प्रशांत महासागरात ‘ला निना’ स्थिती असली म्हणजे हिवाळा कडक जाणार, असेही हल्ली बोलले जाते. तिचा प्रभाव उत्तर भारतात काहीसा जाणवतो, परंतु अमुक तालुक्यात अमुक आठवड्यात थंडी पडेल की नाही, हे तिच्यावरून सांगता येत नाही.

अहवालातील आकडा वाचतानाही थोडी सावधगिरी हवी. सपाट प्रदेशात किमान तपमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी उतरले असेल, तरच हवामान खाते सामान्यतः ‘थंडीची लाट’ हा शब्द वापरते. नोव्हेंबरच्या आरंभी पारा १२ अंशांवर आला व तो सरासरीहून पाच अंशांनी कमी असला, तरी या व्याख्येत ती लाट ठरत नाही. पिकाला मात्र व्याख्या ठाऊक नसते. शिवाय हा आकडा जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेल्या तपमापकाचा असतो. शांत व निरभ्र रात्री पिकाच्या उंचीवरील हवा त्याहून दोन ते चार अंशांनी गार असू शकते.

या बाबतीत पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांनी घातलेली भर मोलाची आहे. डॉ. ल. अ. रामदास व त्यांचे सहकारी आत्मनाथन् यांनी १९३२ साली असे दाखवून दिले की, उघड्या जमिनीवर रात्रीची सर्वांत गार हवा अगदी मातीलगत नसून तिच्यापासून वीत-दीड वीत उंचीवर असते. तेव्हा कोणाचाही यावर विश्वास बसेना, पण पुढे इतर ठिकाणच्या निरीक्षणांनी ते खरे ठरले. भाजीपाल्याची रोपे व कोवळी पिके नेमकी याच थरात उभी असतात.

आता गव्हाविषयी. बागायती गव्हाच्या वेळेवरील पेरणीस नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा योग्य मानला जातो. गव्हाला थंडीची खरी गरज असते ती फुटवे फुटण्याच्या वेळी, म्हणजे पेरणीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून. ऑक्टोबरअखेरच्या चार गार रात्री पाहून ज्याने बागायती गहू पेरला, त्याचे फुटवे नोव्हेंबरच्या मध्यानंतर येणार. आणि त्याच सुमारास ढगाळ, उबदार हवा आली तर फुटवे कमी निघून पीक लवकर ओंबीवर येते. बियाणे, खत, मजुरी सर्व खर्च तोच, उतारा मात्र कमी. म्हणून रात्रीच्या गारव्याबरोबर दुपारचेही ऊन उतरू लागले आहे काय, हे पाहूनच पाभर धरावी. कोरडवाहू गव्हाची गोष्ट वेगळी. त्याची पेरणी जमिनीतील ओलीवर अवलंबून असल्याने ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातच उरकावी लागते.

रब्बी ज्वारीची वाढ या थंडीत मंदावते व पाने फिकट दिसतात. मुळे गारठल्याने अन्न कमी घेतात, एवढाच त्याचा अर्थ. युरियाचा जादा हप्ता देण्याचे कारण नाही. हरभऱ्याला हा गारवा मानवतो. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे मागेपुढे फुटतात.

अधिक काळजी घ्यावी लागते ती केळीच्या नव्या कांदेबागेची व भाजीपाल्याच्या रोपवाटिकांची. तपमान १० ते १२ अंशांखाली गेले की केळीची वाढ जवळजवळ थांबते. विहिरीचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असते, तसेच ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठविते. म्हणून संध्याकाळी किंवा रात्री हलके पाणी देणे हा सर्वांत भरवशाचा उपाय होय. अशा दिवसांत कोळपणी करू नये, कारण भुसभुशीत माती खालची ऊब वर येऊ देत नाही. बांधावर काडीकचरा पेटवून धूर करण्याची प्रथा आहे, परंतु तिचा लाभ थोडा, तोही वारा पडलेला असेल तरच. वाऱ्याच्या रात्री कंपोस्टाचा कचरा मात्र फुकट जातो. रोपवाटिकेवर सायंकाळी गोणपाट किंवा पाचट अंथरावे व ऊन आल्यावर काढून घ्यावे. ते दिवसभर तसेच ठेवल्यास जमीन तापत नाही आणि रोपे पिवळी पडतात. लहान वासरे रात्री आडोशाला बांधावीत, हे वेगळे सांगावयास नको.

जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. त्यात पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाजही प्रसिद्ध होतो. त्यातील पहिल्या दोन आठवड्यांवर अधिक विसंबावे. २०१९ पासून ‘मेघदूत’ या मोबाइल अ‍ॅपवरही हा सल्ला मराठीत मिळतो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने यास एक जोड द्यावी. शिवारातील सखल जागी, झाडापासून दूर, वीतभर उंचीच्या खुंटीवर किमान तपमापक आडवा ठेवावा, सूर्योदयापूर्वी तो वाचावा आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर जिल्ह्याच्या आकड्याशेजारी लिहावा. दोन्ही आकड्यांतील फरक दोन-तीन आठवडे पाहिला की, जिल्ह्याचा पारा कोठे आला असता आपल्या शिवारात रात्रीचे पाणी सोडावे, हे त्या गावापुरते ठरविता येते.