एकेक अणू सरकवणारी सुई
गेर्ड बिनिग व हाइनरिश रोरर यांनी १९८१ मध्ये झुरिचजवळील आयबीएमच्या प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपमध्ये धातूची अतितीक्ष्ण सुई वाहक पृष्ठभागापासून एका नॅनोमीटरहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही, कमी अंतरावर धरली जाते आणि मधली पोकळी पार करणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा क्षीण प्रवाह मोजला जातो. अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढताच हा प्रवाह सुमारे दहापट घटत असल्याने पृष्ठभागावरील अणूंचा चढउतार नोंदता येतो.

सुई आणखी जवळ नेली, की तिचे व अणूचे परस्पर आकर्षण इतके वाढते की अणू तिच्यामागोमाग सरकतो आणि ती वर घेताच नव्या जागी स्थिरावतो. डॉन आयग्लर व एर्हार्ड श्वायझर यांनी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात याच रीतीने निकेलवर झेनॉनचे ३५ अणू मांडून ‘आयबीएम’ ही इंग्रजी अक्षरे रचली; उष्णतेमुळे अणू भरकटू नयेत, म्हणून तापमान सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस ठेवावे लागले. पुढे १९९३ मध्ये तांब्यावर लोहाच्या ४८ अणूंचे सुमारे १४ नॅनोमीटर व्यासाचे कडे उभारले गेले आणि त्यात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या स्थिर तरंगांचे चित्र मिळाले.